मुद्दाम उघडं ठेवलेलं बटण

११ फेब्रुवारी

आज ठरवून टाकलं. पुरुषांच्या अभिजात पोशाखात, म्हणजे कोट-टाय-बुटांच्या दुनियेत, जी ढोंगं माजली आहेत त्यांची टर उडवणारी एक चित्रपुस्तिका करायची. चित्रं धाकटी बहीण काढेल, मजकूर माझा. पानं चोवीस. डावीकडे चित्र, उजवीकडे मजकूर, म्हणजे बारा ढोंगं मावतील.

मला कोट मनापासून आवडतात. चांगला शिवलेला कोट मानेला कुठे टेकतो, हात वर केला की पाठीत काय होतं, हे मी तासभर बघत बसू शकतो. म्हणूनच अलीकडे चीड येते. कोटाबद्दल बोलणारे वाढले आणि बोलण्यातून कोटच निघून गेला. उरले आकडे, परकी नावं आणि 'तुला हेही माहीत नाही?' असा चेहरा. याला हसायचं काम कोट आवडणाऱ्यानेच करायला हवं. ज्याला कोटाचं काहीच नाही तो शिवणाऱ्या हातांनाही हसेल, आणि ते मला चालणार नाही.

१५ फेब्रुवारी

पहिली यादी झाली. सत्तावीस ढोंगं निघाली. शर्टाच्या बाहीवरून बांधलेलं घड्याळ. कोटाच्या बाहीचं शेवटचं बटण मुद्दाम सोडणं. दोन बकलांचे बूट, त्यातलं एक बक्कल लोंबतं. टायचं मागचं टोक पुढच्यापेक्षा लांब. कडक थंडीत मोज्यांशिवाय बूट. खिशातला रुमाल इतका फुललेला की खिसा दिसेना. गप्पांत कापडाचा 'सुपर' आकडा आणणं. बटणाबटणाची वंशावळ सांगणं. आणि अशीच आणखी.

बहिणीने यादी वाचून विचारलं, "दादा, यात ढोंग कुठलं आणि नुसती आवड कुठली? नसेल एखाद्याला मोजे घालायला आवडत."

तिचं बरोबर होतं. संध्याकाळपर्यंत एक कसोटी हाताला लागली: बघणारं कुणी नसेल तर हा माणूस हे करेल का? मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, उंच कापला असेल तर हात उचलताना अख्खा कोट वर ओढला जात नाही. हे बंद खोलीतही खरं असतं. लोंबतं बक्कल बंद खोलीत फक्त बूट सैल करतं. कसोटी लावल्यावर सत्तावीसची सोळा उरली. रुमाल गळला, रंगीत रुमाल माणूस स्वतःच्या आनंदासाठीही लावतो. मोजेही गळले.

१९ फेब्रुवारी

बहिणीची पहिली तीन कच्ची चित्रं आली. हात सुरेख आहे, पण तिघांनाही तिने सुटलेलं पोट आणि लांब नाक दिलं होतं. चित्र बघताना हसू पोटाला येतं, घड्याळाला येत नाही. दोघं बराच वेळ बोललो. शेवटी ठरलं की बाराही चित्रांत माणूस एकच, अंगाने साधा, चेहऱ्यावर एकदोन रेघा. आणि प्रत्येक चित्रात कुठेतरी आरसा. कधी भिंतीवर, कधी दुकानाच्या काचेत, कधी समोरच्याच्या चष्म्यात. परवाची कसोटी तिने अशी एका वस्तूत बसवली. हे मला सुचलं नसतं.

२२ फेब्रुवारी

आपल्याआधी हे काम कुणी केलंय ते बघत होतो. १७७० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये मेरी आणि मॅथ्यू डार्ली या जोडप्याने 'मॅकरोनी' तरुणांची व्यंगचित्रं छापून विकली. हे तरुण युरोपचा, खास करून इटलीचा दौरा करून परतायचे आणि येताना तिथल्या तऱ्हा घेऊन यायचे. चिमुकल्या टोपीखाली डोंगराएवढा केसांचा टोप, आखूड घट्ट कोट, छातीवर फुलांचा गुच्छ. डार्लींनी कारकुनापासून पाद्र्यापर्यंत प्रत्येकाचा मॅकरोनी काढला. दुकानाच्या खिडकीत चित्रं लागायची आणि रस्त्यावरचे लोक थांबून बघायचे.

अडीचशे वर्षांनी आमच्या यादीतली निम्मी ढोंगं पुन्हा इटलीहूनच आली आहेत. दोष इटलीचा तेव्हाही नव्हता. तिथल्या शिंप्याने एका हवेसाठी, एका अंगासाठी काहीतरी शोधलेलं असतं. पाहुणा त्यातली वरची खूण तेवढी उचलून आणतो. पुस्तिकेचा सूर मला यातूनच मिळाला.

२८ फेब्रुवारी

पहिलं पान: स्प्रेझ्झातुरा.

हा शब्द आज इतका वापरला जातो की सोडलेल्या प्रत्येक बटणाला तो चिकटवतात. मूळ शब्द बाल्दास्सारे कास्तिलिओने याचा. त्याचं दरबारी माणसाविषयीचं पुस्तक १५२८ साली व्हेनिसमध्ये छापलं गेलं. अर्थ असा: अवघड गोष्ट इतक्या सहज करावी की मागची मेहनत दिसू नये. तलवार चालवणं, नाचणं, गाणं, बोलणं, सगळ्याला हे लागू. मुद्दाम गबाळं दिसण्याबद्दल तो काय म्हणतो ते शोधायला बसलो आणि जे हाती आलं त्याने दिवस सोन्याचा झाला.

पहिल्याच भागात रोबेर्तो नावाच्या एका नाचणाऱ्याचा विषय निघतो. आपलं कशाकडे लक्षच नाही असं दाखवायला तो नाचताना खांद्यावरचा झगा गळू देतो, पायातल्या सपाता निसटू देतो आणि तसाच नाचत राहतो. पुस्तकातल्या गप्पांत एक जण विचारतो, मग ही स्प्रेझ्झातुराच नाही का? गप्पांतलाच एक सरदार, काउंट, उत्तर देतो की हा निव्वळ आव आहे, कारण 'मी विचार करत नाही' हे दाखवायला तो किती विचार करतोय ते सगळ्यांना दिसतं आहे.

सपाता! जवळजवळ पाचशे वर्षांपूर्वी, हा शब्द पहिल्यांदा समजावून सांगताना, लेखकाने लोंबत्या बकलाचा निकाल तिथेच लावून ठेवला होता. ज्या शब्दाचा आधार घेऊन आज बकलं सोडतात, त्या शब्दाच्या पहिल्या पाठातच ती सोडू नका असं लिहिलंय.

बहिणीला फोन करून लगेच सांगितलं. पान एकवर आता दोन आकृत्या येतील: डावीकडे सपात निसटलेला नाचणारा, उजवीकडे आपला माणूस एक बक्कल सोडून. पाय अगदी एकाच कोनात. मजकूर दोनच ओळींचा ठेवतोय.

१ मार्च

कालच्याला जोड. राफाएलने काढलेलं कास्तिलिओनेचं व्यक्तिचित्र लूव्र संग्रहालयात आहे. काळा, करडा आणि थोडा पांढरा, एवढेच रंग. एकही गोष्ट लोंबत नाही.

५ मार्च

दुसरं पान: घड्याळ. शर्टाच्या कफावरून घड्याळ बांधायची सवय फियाटच्या जानी आन्येल्ली यांची (१९२१ ते २००३). टायचं मागचं टोक बाहेर राहू देणं, कॉलरची बटणं न लावणं, हेही त्यांचं म्हणून प्रसिद्ध आहे. कारणं अनेक सांगतात. मला त्यात शिरायचं नाही. एका माणसाला एक सवय होती आणि ती त्याला शोभत होती, इथपर्यंत काहीच बिघडलेलं नाही. बिघडतं ते सवयीची नक्कल सुरू झाली की. दुसऱ्याच्या सहीचा सराव करणाऱ्याने ती कितीही झोकदार काढली तरी ती त्याची सही होत नाही.

चित्रात सातजण एका रांगेत, सगळ्यांची घड्याळं कफावर, आणि सगळे एकमेकांना सांगताहेत, "हे आपलं सहजच." चित्र ब्रशने नको, टाकाने हवं असं बहिणीचं म्हणणं. तिच्यावर सोपवलं.

९ मार्च

ब्रमेलचा किस्सा घ्यावा का, यावर अडलोय. ब्यू ब्रमेल हा लंडनचा जुन्या काळचा नामांकित शौकीन. त्याच्या नोकराच्या हातावर चुरगळलेल्या गळपट्ट्यांचा ढीग असायचा आणि विचारलं तर तो 'हे आमचे फसलेले प्रयत्न' असं सांगायचा, अशी गोष्ट आहे. गंमत आहे, पण ब्रमेलवर अन्याय होतो. रंगीबेरंगी रेशीम, पावडर आणि सुगंध बाजूला सारून स्वच्छ धुतलेलं पांढरं कापड आणि गडद साधा कोट यांची प्रतिष्ठा वाढवणारा तो. आजचा सूट त्याच वाटेने आला. त्याला ढोंग्यांच्या रांगेत उभं करायला मन धजत नाही. पान रद्द.

१४ मार्च

आज शिंपी मास्तरांकडे माझा जुना कोट नेला आणि म्हटलं, "मास्तर, हा उसवायचाय. पूर्ण."

"दुरुस्त करायला उसवायचा?"

"नाही, आत काय आहे ते बघायला."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग ब्लेड काढली. मला वाटलं होतं तासाभरात होईल, दुपार गेली. आधी अस्तर सोडवलं, मग बाही मुंढ्यापासून वेगळी केली, मग खांद्याचं पॅड, मग समोरचा भाग. विकणाऱ्याने मला हा फुल कॅनव्हास, म्हणजे आतून वरपासून खालपर्यंत ताठ कापड शिवलेला, म्हणून दिला होता. छातीत कॅनव्हास होताही: आडव्या धाग्यांत घोड्याचे केस विणलेलं ताठ कापड, त्यावर मऊ फेल्ट. पण खिशाच्या वर येऊन ते संपलं. खाली कोटाच्या कापडाला मागून चिकटवलेलं अस्तर होतं, गोंदाचे बारीक ठिपके भिंगाशिवायही दिसत होते. अर्धा कॅनव्हास.

मास्तर म्हणाले, "तुम्ही आठ वर्षं घातलात ना? कधी फुगला का? फोड आले का?"

नाही आले. आठ वर्षं कोट छान चालला. विकणारा खोटं बोलला ते वाईटच, पण त्याहून मोठी गोष्ट ही की मी इतकी वर्षं दुसऱ्यांचे कोट बटणाच्या खाली चिमटीत धरून 'आत तिसरा थर लागतोय का' ते तपासत होतो, त्यांच्याशी त्यावर बोलत होतो. स्वतःच्या अंगावरच्या कोटात काय आहे ते मला कळलं नव्हतं. चौथं पान इथेच मिळालं: दोन माणसं भेटताना हात मिळवण्याऐवजी एकमेकांचा कोट चिमटीत धरतात.

लॅपलच्या, म्हणजे छातीवर उलटून बसणाऱ्या पट्टीच्या, आतले टाके मात्र मास्तरांनी मला दाखवले आणि मी ते विसरणार नाही. हाताने घातलेले, तिरके, ओळीने शेकडो. प्रत्येक टाक्याला कापड किंचित वळवून धरायचं, म्हणजे लॅपल इस्त्रीने दुमडावी लागत नाही, आपसूक वळते. यंत्रही हे टाके घालतं. माझ्या कोटातले यंत्राचे होते. मास्तरांनी शेजारी आपल्या हातचा एक तुकडा ठेवला. बोट फिरवल्यावर फरक कळला. याला हसायचं नाही. पुस्तिकेत याचं एक पान असावं का, जिथे आरसाच नसेल?

१६ मार्च

खांद्यावरच्या चुण्या. नेपल्सच्या कोटाला बाही शर्टासारखी जोडतात आणि खांद्याच्या कडेला बारीक चुण्या दिसतात. १९३० च्या दशकात तिथे विन्चेंझो आत्तोलिनी या कापणाऱ्याने इंग्लिश कोटातलं पॅड आणि ताठपणा काढून मऊ कोट केला, त्या घराण्यातली ही चाल. चुणी येते कुठून? मुंढा लहान आणि उंच, बाहीचा वरचा घेर त्याहून बराच मोठा. तो जास्तीचा घेर लहान मुंढ्यात सामावताना चुणी उरते. फायदा हाताला: हात पुढे, वर, कुठेही न्या, कोट जागेवर. इतर शिंपी हा जास्तीचा घेर सुईने आणि वाफेने जिरवतात, चुणी दिसू देत नाहीत. दोन्ही वाटा प्रामाणिक आहेत.

आणि आता तयार कोटांत काय मिळतं? मुंढा मोठाच, बाही नेहमीची, वर तेवढ्या चुण्या. हात उचलला की अख्खा कोट कानाशी. मास्तरांना असा एक कोट दाखवला तर त्यांनी आधी विचारलं की हा कुणी बिघडवला.

चित्र: आपला माणूस टॅक्सीला हात करतोय, कोट डोक्यावर चढलाय, चुण्या मात्र दिमाखात आहेत. टॅक्सीच्या आरशात तो चुण्याच बघतोय. हे आतापर्यंतचं सगळ्यात चांगलं चित्र.

२३ मार्च

सुपर आकडे. इथे मजकूर मोठा होणार, कारण आकड्याने सर्वांत जास्त माणसं दबतात.

आकड्याचं मूळ ब्रॅडफर्डच्या लोकरबाजारात. एक पौंड विंचरलेल्या लोकरीतून प्रत्येकी ५६० यार्डांच्या किती लडी कातता येतील, त्यावरून प्रत ठरायची. लोकर जितकी बारीक तितक्या लडी जास्त. आता आंतरराष्ट्रीय लोकर संघटनेच्या नियमात आकडा तंतूच्या जाडीला बांधला आहे. 'सुपर १००' म्हणायचं तर सरासरी जाडी १८.७५ मायक्रॉनपेक्षा जास्त नको, 'सुपर १५०' ला १६.२५, 'सुपर २००' ला १३.७५. दर दहा आकड्यांना अर्धा मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

आकडा सांगतो तो एवढंच, तंतू किती बारीक. धागा किती पिळाचा, एकेरी की दुहेरी, वीण किती घट्ट, कापड वजनाला किती, यातलं काहीच त्यात नाही. आणि बारीक तंतूचं कापड लवकर झिजतं, जास्त चुरगळतं. रोज घालायच्या पँटीला मोठा आकडा म्हणजे लवकर विरणारी बैठक. जाडसर तंतूचं, घट्ट पिळाचं कापड कितीतरी जास्त वर्षं टिकतं आणि त्याची घडी सरळ राहते.

चित्र: दोघे आकडे वाढवत चाललेत. "माझा १२०." "माझा १५०." "१८०." "२००." शेवटच्या चौकटीत दोघे खुर्चीवरून उठतात आणि पँटी खुर्चीवरच राहतात. बहीण म्हणाली, हे फार वरवरचं आहे. मला ठेवायचंय. मोठ्याने हसू येईल असं पानही पुस्तिकेत हवं.

२४ मार्च

ठेवलं.

२ एप्रिल

बाहीची बटणं. खरी काजं असलेल्या बाहीला 'सर्जनचा कफ' म्हणतात. युद्धात डॉक्टर कोट न काढता बाही दुमडायचे अशी कथा. बाहीवर बटणं का आली याची आणखी एक कथा: शिपायांनी बाहीला नाक पुसू नये म्हणून लावली. हीच कथा कुणी नेपोलियनच्या नावावर सांगतं, कुणी प्रशियाच्या फ्रेडरिकच्या. एकाच नाकाचे इतके मालक असले की कथा सोडून द्यावी.

पण काज कापलेलं असलं की एक गोष्ट नक्की होते: बाहीची लांबी खालून बदलता येत नाही. मग ती खांद्याकडून काढावी लागते, आणि ते मोठं काम आहे. म्हणजे तयार कोटाला आधीच कापलेली काजं ही घेणाऱ्याची गैरसोय. तरीही ती आता तयार कोटांवर सर्रास येतात, कारण शेवटचं बटण उघडं ठेवून 'बघा, खरी आहेत' असं सांगता येतं.

या पानाला वाक्य सुचत नाहीये. तीन लिहिली, तिन्ही खोडली.

१० एप्रिल

'बिस्पोक' या शब्दाचं पान. मुळात शिंप्याकडचं ठराविक कापड गिऱ्हाइकाने 'बोलून ठेवलं', त्यावरून हा शब्द आला असं सांगतात. लंडनच्या सॅव्हिल रो या शिंप्यांच्या रस्त्यावर त्याचा अर्थ असा: तुमच्यासाठी कागदावर वेगळा नमुना कापायचा, अनेकदा अंगावर चढवून बघायचं, किमान ५० तास हातकाम. २००८ साली ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने ठरवलं की आधीच्या नमुन्यात फेरबदल करून यंत्रावर शिवलेल्या सुटालाही जाहिरातीत हा शब्द वापरता येईल. तेव्हापासून हा शब्द कुठेही लागतो.

चित्र सोपं आहे, माणूस तयार मोज्यांचा जोड उचलतो आणि विक्रेता टेपने त्याचा अंगठा मोजतो. पटकन झालं, पुढे.

१३ एप्रिल

फ्लॉरेन्स. पिट्टी उओमो हा पुरुषी कपड्यांचा व्यापारी मेळा १९७२ पासून भरतो, वर्षातून दोनदा, हल्ली फोर्तेझ्झा दा बास्सो या किल्ल्यात. दुकानदार पुढच्या हंगामाचा माल बघायला येतात. छायाचित्रकारांमुळे बाहेरच्या अंगणात दुसराच मेळा उभा राहिला: नटून भिंतीला टेकलेले, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखे पुरुष. त्यांना मोर म्हणतात.

बहिणीने खरेच मोर काढले होते. मी म्हटलं, मोर नको. मोराचा पिसारा त्याचा स्वतःचा असतो. मग तिने लांबच लांब भिंत काढली, तिच्यावर वीस जण मोबाइलकडे न बघण्याचा अभिनय करताहेत, आणि मेळ्याच्या उघड्या दारातून आत कापडाचे तागे उलगडून एक म्हातारा व्यापारी एकटाच कापड चोळून बघतोय. त्या म्हाताऱ्याच्या हातावर तिने दोन दिवस घालवले. भिंतीवरच्या विसांपेक्षा जास्त.

२१ एप्रिल

आज वेगळंच झालं. तयार झालेली नऊ चित्रं भाच्याला दाखवली. तो पोट धरून हसत होता. नवव्या चित्राला गप्प झाला. त्या चित्रात आपला माणूस बाहीवरचं कंपनीचं लेबल न काढता हिंडतोय, आणि कोटाच्या मागच्या फटीला कारखान्याने घातलेली फुलीची कच्ची शिलाईही तशीच.

"मामा, हे काढून टाकायचं असतं?"

त्याने गेल्या वर्षी समारंभाला घातलेला कोट मी बघितला होता. लेबलासकट. तेव्हा मी त्याला सांगितलं नव्हतं; म्हटलं, चारचौघांत कशाला. नंतर घरी सांगायचं राहून गेलं.

कसोटी पुन्हा वाचली. बघणारं कुणी नसेल तर हे केलं असतं का? हो, कारण त्याला माहीतच नव्हतं. कोट पाठवताना फटी उघडू नयेत म्हणून घातलेला टाका आणि दुकानातलं लेबल, ही दोन्ही घेणाऱ्याने काढायची असतात हे कुणीतरी सांगावंच लागतं. न सांगितलेल्याला हसणं हे माझ्याच यादीतलं सर्वांत वाईट ढोंग. चित्र आजच काढून टाकलं. भाच्याला कात्री दिली, दोघांनी मिळून लेबल सोडवलं. जून महिन्यात त्याची पहिली मुलाखत आहे, तोच कोट घालणार आहे.

२२ एप्रिल

रिकाम्या झालेल्या नवव्या पानावर काय यायचं ते रात्रीच कळलं. लेबल बघणारा माणूस. जो बघतो, ओठ मुडपतो, शेजाऱ्याला सांगतो, आणि ज्याच्या बाहीवर ते आहे त्याला सोडून सगळ्यांना सांगतो.

याला भक्कम आधारही आहे. लंडनच्या बँकवाल्या भागात 'शहरात तपकिरी नको' असा जुना संकेत: कामाच्या सुटाखाली बूट काळेच. सप्टेंबर २०१६ मध्ये ब्रिटनच्या सामाजिक गतिशीलता आयोगाने गुंतवणूक बँकांतल्या भरतीवर अहवाल काढला. त्यात निघालं की सुटाखाली तपकिरी बूट घातले, टाय भडक निघाला, यावरून हुशार उमेदवार मागे पडत होते. आणि मागे पडत होती ती ज्यांच्या घरात हे संकेत सांगणारं कुणी नव्हतं अशी मुलं. बुटाचा रंग सुटाला शोभतो की नाही, यावर वाद घालायला मला आवडेल. गडद निळ्याखाली गडद तपकिरी सुंदर दिसतो असं माझं मत आहे. पण दार बंद करायला वापरलेला रंग हा आवडीचा विषय उरत नाही.

या चित्रात टर हळुवार नको, बहिणीला स्पष्ट सांगितलं. तिने दारवान काढला: हातात भिंग, गळ्यात किल्ल्यांचा जुडगा, नजर बुटावर. समोरच्या मुलाचा चेहरा चौकटीबाहेर आहे, दिसतात फक्त त्याचे बूट, इतके चकचकीत पॉलिश केलेले की आरसा त्यांतच आलाय. त्यात दारवान दिसतो.

६ मे

बरेच दिवस नोंद नाही. छपाईच्या कागदाच्या मागे होतो.

विंडसर गाठीचं पान झालं. टायची रुंद त्रिकोणी गाठ ड्यूक ऑफ विंडसरची, म्हणजे गादी सोडलेल्या इंग्लंडच्या आठव्या एडवर्डची, म्हणून ऐटीत बांधतात. १९६० साली छापलेल्या आठवणींत त्याने स्वतःच सांगितलंय की ती गाठ तो बांधत नसे. साधीच गाठ, पण टाय जाड अस्तराचा करून घेतलेला, म्हणून भरीव दिसायची. चित्रात ड्यूक शांतपणे आपली साधी गाठ बांधतोय आणि खिडकीबाहेर शिष्यांचा घोळका गळ्यात भोपळ्याएवढ्या गाठी घेऊन उभा आहे.

वेस्टकोटाचं शेवटचं बटण सोडायची रीत इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याच्या पोटामुळे पडली म्हणतात. ते पान केलं नाही. बसताना ते बटण सुटलेलं बरंच वाटतं, बंद खोलीतही.

१७ मे

बुटांचं पान. 'गुडइयर वेल्ट' हे शब्द मंत्रासारखे म्हणतात. वेल्ट म्हणजे बुटाचा वरचा भाग आणि तळवा यांना जोडणारी चामड्याची पट्टी. ती शिवायचं हे यंत्र १८७० च्या दशकात चार्ल्स गुडइयर ज्युनियरने रूढ केलं. व्हल्कनाइज्ड रबरवाला गुडइयर त्याचा बाप. म्हणजे ज्याला आज हस्तकलेची खूण म्हणून मिरवतात ती मुळात हात वाचवायची युक्ती. हाताने वेल्ट शिवणारा कारागीर आतल्या तळव्याचं चामडंच कोरून त्यात टाका धरतो. यंत्रासाठी तळव्याला कापडी पट्टी चिकटवतात आणि टाका तिच्यात जातो. पद्धत चांगली आहे, तळवा पुन्हा लावता येतो. माझे सगळे बूट तसेच आहेत. मंत्र म्हणायचं मात्र कारण नाही.

३० मे

अकरा पानं झाली. मास्तरांना वाचायला दिली. ते एकेक ओळ बोट ठेवून वाचत होते, मी समोर बसून होतो. चुण्यांच्या पानावर ते हसले. कॅनव्हासच्या पानावर म्हणाले, "यात चिमटी चुकीच्या जागी आहे. बटणाच्या खाली धरायची, इथे खिशापाशी दाखवलीय." बहिणीने तिथल्या तिथे दुरुस्त केलं.

मग म्हणाले, "बारावं?"

सांगितलं, तुमच्या हातच्या टाक्यांचं. आरसा नसलेलं. ते म्हणाले, टाके दाखवायचे तर उलटी बाजू दाखवा, सुलट बाजूला काही दिसायला नको. तसंच करतोय. लॅपलची आतली बाजू, पानभर, मजकूर नाही.

११ जून

फाइल छपाईला जाणार होती, पण सहाव्या पानाची, बाहीच्या बटणांची ओळ अजून रिकामी होती. त्याच गडबडीत भाच्याने कोट घालून दाखवला. बाही हाताच्या पेराशी येत होती, शर्टाचा कफ पूर्ण झाकलेला. मुलाखत चार दिवसांवर. मास्तरांकडे नेलं. त्यांनी बटणं वर करून काजं बघितली. नुसती धाग्याने काढलेली, न कापलेली.

"बरं झालं खोटी आहेत," ते म्हणाले, "खालूनच आत घेतो. उद्या न्या."

बाही पाऊण इंच आत गेली, बटणं तेवढीच वर सरकली. घरी येऊन सहाव्या पानावर ओळ लिहिली: 'बरं झालं खोटी आहेत, खालूनच आत घेतो.' खाली मास्तरांचं नाव टाकू का विचारलं, ते नको म्हणाले. फाइल रात्री पाठवली.